बॅकअप धडधाकट, तरी मशिन उठेना: मकरपुऱ्यातलं एक प्रकरण

१० जून २०२५, वटपौर्णिमेचा मंगळवार. संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून माझ्या हाताखाली काम करणाऱ्या पोराचा फोन आला. "ताई, बॅकअपवरून रिस्टोअर करायचंय. म्हणून आधी जुनं १०४ नंबरचं मशिन पुसायला गेलो, तर पुसूच देत नाहीये." माझ्या पोटात गोळाच आला. रिस्टोअर अडलं म्हणून नव्हे, तर तो जुनं मशिन पुसायला निघाला होता म्हणून.

पुढच्या सहा तासांत आम्ही एकूण चार ठिकाणी अडलो. चारही वेळा पडद्यावरचा संदेश वेगळा होता. बॅकअपची फाइल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत धडधाकट होती. रिस्टोअर फसलं की संशय पहिला फाइलवर जातो, आमचाही गेला. एनएएसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीतल्या) फाइलची तपासणी करण्यात अर्धा तास घालवला आणि हाती काही लागलं नाही. रेप्लिकेशन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर ठरावीक वेळाने प्रत नेणं, चालू असलेल्या मशिनच्या बाबतीत अडथळा बहुधा फाइलच्या आजूबाजूला असतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतेय.

मांडणी काय होती

कारखाना व्हॉल्व्हचे सुटे भाग करतो. मालक मूळचे दांडिया बाजारातले, त्यांना सगळे दादा म्हणतात. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून बडोद्यात शिरली, त्या आठवड्यात कारखान्याच्या तळमजल्यावरही घोटाभर पाणी होतं. सर्व्हर टेबलावर होता म्हणून वाचला. पाणी ओसरल्यावर दादांनी दुसऱ्या मजल्यावर तसाच आणखी एक सर्व्हर बसवायला सांगितलं. दोन्हीवर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवणारी प्रणाली), दोन्हीवर झेडएफएस या फाइलसिस्टिमचा पूल, म्हणजे डिस्कची एकत्र साठवण, मध्ये इमारतीतलीच केबल, आणि दोघांचं मिळून एक क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारा गट. खालची व्हर्च्युअल मशिनं दर पंधरा मिनिटांनी वर रेप्लिकेट होत.

हे रेप्लिकेशन कसं चालतं ते नीट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक फेरीला डिस्कचा नवा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, घेतला जातो. मागच्या फेरीच्या स्नॅपशॉटपासून जेवढं बदललं असेल तेवढंच पलीकडे जातं, आणि मग मागचा स्नॅपशॉट काढून टाकला जातो. म्हणजे वरच्या मजल्यावर फक्त शेवटच्या फेरीची प्रत असते. कालची नसते, आज सकाळचीही नसते. पूर आला, सर्व्हर जळला, तर ही प्रत सोन्यासारखी. पण खाली कोणी नोंदी पुसल्या, तर पंधरा मिनिटांच्या आत त्या वरही पुसल्या जातात.

बॅकअपची व्यवस्था याहून वेगळी. रोज रात्री एक वाजता एनएएसवर पूर्ण मशिनची फाइल, सात दिवसांचा साठा. सकाळी हिरवी खूण आलेला ईमेल. आठ महिने तो न चुकता हिरवा आला होता. त्या आठ महिन्यांत आम्ही एकदाही रिस्टोअर करून पाहिलं नव्हतं, आणि ती जबाबदारी माझी होती.

१०४ हे कारखान्याचं मुख्य मशिन. डेबियन लिनक्स, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस, आणि डिस्पॅचपासून बिलापर्यंत सगळं त्यातच. डिस्क तीन: ८० जीबीची सिस्टिम, ६०० जीबीची डेटाबेससाठी आणि ३०० जीबीची, ज्यात जुन्या ड्रॉइंगचे स्कॅन ठेवलेले.

त्या दुपारी चार वाजून अडतीस मिनिटांनी बाहेरच्या प्रोग्रामरने जुन्या आर्थिक वर्षाच्या डिस्पॅच नोंदी काढण्यासाठी एक क्वेरी चालवली. वर्षाची अट उलटी पडली, आणि १ एप्रिलपासूनच्या चालू वर्षाच्या नोंदी गेल्या. पाच वाजता अकाउंट्सच्या काकू दुसऱ्या दिवशीच्या जीएसटीआर-१ साठी, म्हणजे जीएसटीच्या विक्री विवरणपत्रासाठी, आकडे जुळवायला बसल्या आणि डिस्पॅचचा चालू वर्षाचा तक्ता रिकामा दिसला. ११ तारीख ही विवरणपत्राची शेवटची तारीख. सकाळपासून उपास, दुपारी वडाला फेऱ्या मारून आलेल्या, आणि समोर हे.

पहिला अडथळा, ज्याने आम्हाला वाचवलं

पोराने मशिन बंद केलं आणि पुसायचा आदेश दिला. प्रॉक्समॉक्सने नकार दिला: या मशिनसाठी १०४-० हे रेप्लिकेशनचं काम नोंदलेलं आहे, आधी ते काढा. त्याच खिडकीत एक चौकोन असतो, सगळ्या कामांच्या नोंदींतूनही हे मशिन काढून टाकण्याचा. त्यात टिक केली की नकार येत नाही. पोराचं बोट तिथेच होतं. सुदैवाने त्याने आधी मला फोन केला.

त्या चौकोनाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण हा खड्डा कोणाला दिसत नाही. ती टिक लावून मशिन पुसलं की रेप्लिकेशनची नोंद जाते हे सगळ्यांच्या लक्षात येतं. पण बॅकअपच्या कामात मशिनांचे क्रमांक एकेक करून निवडलेले असतील, तर त्या यादीतूनही १०४ निघून जातं. पुढे त्याच क्रमांकावर मशिन रिस्टोअर केलं तरी ते यादीत आपोआप परत येत नाही. रात्रीचा ईमेल मात्र हिरवाच येत राहतो, कारण यादीत जे उरलंय त्याचा बॅकअप व्यवस्थित झालेला असतो. त्यात १०४ नाही, हे फक्त आतली यादी मोजणाऱ्यालाच कळतं.

"काहीही पुसू नकोस. मी येतेय," म्हटलं आणि निघाले. लालबागच्या पुलावर वाहनांची रांग होती, पोचायला पाऊण तास लागला.

दुसरा अडथळा: अर्धा क्लस्टर

मी पोचेपर्यंत पोराने आणखी एक गोष्ट केली होती, आणि तिच्यामागचा विचार वाईट नव्हता. खराब झालेला डेटा वर जाऊ नये आणि रेप्लिकेशनची आडकाठीही सुटावी, म्हणून त्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन वरचा सर्व्हर बंद केला. वेळ पाच पंचवीस. पण चार पंचेचाळीस, पाच आणि सव्वापाच अशा तीन फेऱ्या तोवर होऊन गेल्या होत्या. वरच्या प्रतीतल्या नोंदीही चार पंचेचाळीसलाच गेल्या होत्या.

मग रिस्टोअरचं बटण दाबलं, तर संदेश आला: क्लस्टर तयार नाही, कोरम (पुरेसं बहुमत) नाही. बंद केलेलं १०४ पुन्हा सुरू करू म्हटलं, तर तेही होईना. काकूंच्या टेबलावरचा पडदा आता पूर्णच काळा.

दोन सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये मतं दोन, आणि बहुमतासाठीही दोनच लागतात. एक बंद झाला की उरलेल्याला बहुमत नसतं. अशा वेळी प्रॉक्समॉक्स सगळ्या मशिनांच्या व्याख्या जिथे ठेवतं ती जागा फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. चालू असलेली मशिनं चालत राहतात, पण नवं बनवणं, सुरू करणं, रिस्टोअर करणं, अगदी रेप्लिकेशनचं काम थांबवणंसुद्धा बंद. हे बरोबरच आहे. दुसरा सर्व्हर खरोखर बंद आहे की फक्त केबल तुटली आहे, हे पहिल्याला कळायला मार्ग नसतो. दोघांनीही "मीच उरलोय" असं मानून १०४ सुरू केलं, तर एकाच मशिनच्या दोन प्रती दोन वेगळ्या दिशांना लिहीत सुटतील, आणि त्या पुन्हा एक करता येत नाहीत. आमच्याकडे हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे एक सर्व्हर पडला की मशिनं आपोआप दुसऱ्यावर उठवण्याची सोय, चालू नव्हती हे बरं झालं. ती असती तर कोरम गेल्यावर थोड्याच वेळात खालचा सर्व्हर वॉचडॉग या पहारेकरी यंत्रणेमुळे आपोआप रीबूट झाला असता.

यावर उतारा म्हणजे अपेक्षित मतांची संख्या तात्पुरती एकवर आणणं. तो आदेश टाइप करणं सोपं, पण तो देण्याआधी पलीकडचा सर्व्हर नक्की बंद आहे हे डोळ्यांनी पाहिलेलं असायला हवं. मी पोराला वर पाठवलं. "ताई, प्लग काढून हातात धरलाय," तो फोनवर म्हणाला. "तसाच धरून ठेव, मी सांगेपर्यंत सोडू नकोस." मग आदेश दिला. कोरम आला. १०४ सुरू केलं, पण डिस्पॅच सोडून बाकी सगळ्यांचं काम चालू राहील एवढ्यापुरतंच. रेप्लिकेशनचं काम काढून न टाकता नुसतं थांबवलं. त्यानंतर पोराला प्लग लावायला सांगितलं, आणि वरचा सर्व्हर सामील होताच मतं पुन्हा दोनाची दोन झाली.

काढणं आणि थांबवणं यातला फरक इथे फार मोलाचा आहे. काम काढलं की त्याच्या वरच्या प्रतीही साफ केल्या जातात. वरचा सर्व्हर बंद असेल तर काम "काढायचं आहे" अशा अवस्थेत लटकतं, आणि तो सुरू झाल्याबरोबर साफसफाई होते. आपल्याला अजून काय लागणार आहे हे माहीत नसताना एकही प्रत घालवायची नाही, एवढं मी ठरवलं होतं.

तिसरा अडथळा: जागा आहे, पण नाही

मी १०४ वर रिस्टोअर न करता ९०४ हा नवा क्रमांक दिला. त्याच क्रमांकावर रिस्टोअर म्हणजे आधीचा डेटा कायमचा पुसणं. तो इशारा पडद्यावर येतो आणि लोक घाईत हो म्हणतात. १०४ मध्ये डिस्पॅचच्या नोंदी सोडल्या तर दिवसभराचं बाकी सगळं शाबूत होतं: खरेदी, हजेरी, गोदामाचा साठा.

९०४ चं रिस्टोअर काही सेकंदांत पडलं. संदेश: पूलमध्ये जागा नाही. पूल साडेतीन टीबीचा. आतला प्रत्यक्ष डेटा मोजला तर जेमतेम निम्मा. पोराने मोजून दाखवलं, आणि त्याचा हिशेब चुकीचा नव्हता.

फरक होता राखीव जागेचा. आमच्या स्टोरेजवर थिन प्रोव्हिजनिंग, म्हणजे लागेल तेवढीच जागा वापरण्याची पद्धत, बंद होतं. अशा वेळी झेडएफएस ६०० जीबीच्या डिस्कसाठी ६०० जीबी आधीच राखून ठेवतं, आत डेटा ३८० जीबी असला तरी. इथवर ठीक. पण त्या डिस्कचा स्नॅपशॉट घेतला की आतले ३८० जीबी स्नॅपशॉटने धरून ठेवलेले असतात, आणि डिस्क उद्या पूर्ण नव्याने लिहिली गेली तरी जागा कमी पडू नये म्हणून झेडएफएस परत ६०० जीबी बाजूला काढतं. एक डिस्क, हिशेब ९८० जीबीचा. रेप्लिकेशन म्हणजे प्रत्येक डिस्कवर कायम एक स्नॅपशॉट. त्यामुळे रेप्लिकेशन सुरू केलं त्या दिवसापासून प्रत्येक डिस्क स्वतःच्या दीडपट-पावणेदोनपट जागा अडवून बसली होती. मोकळे उरले होते ३२० जीबी, आणि ९०४ ला एकदम ६८० जीबी राखून हवे होते.

झेडएफएसला हाच खर्च तोडून दाखवायला सांगता येतं: डेटा किती, स्नॅपशॉट किती, राखीव किती. तो तक्ता पाहिला की पाच मिनिटांत उलगडा होतो. आम्हाला चाळीस मिनिटं लागली, कारण आम्ही आधी एनएएसवर गेलो आणि मग जुने बॅकअप पुसायच्या बेतात होतो.

१०४ च्या डेटाबेस डिस्कची राखीव जागा काढून टाकली. यात डेटाला धक्का लागत नाही आणि मशिन बंदही करावं लागत नाही. फक्त पूल भरत आला तर सावध करणारं कोणी उरत नाही, ते आपल्याला बघावं लागतं. स्टोरेजवर थिनची टिक लावली. ६०० जीबी सुटले, आणि सात चाळीसला रिस्टोअर खऱ्या अर्थाने सुरू झालं. गिगाबिटच्या केबलवरून यायला पाऊण तासाच्या वर लागला.

तेवढ्यात काकूंनी डब्यातला रताळ्याचा कीस सगळ्यांना वाटला. स्वतः मात्र रजिस्टर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

चौथा अडथळा: नव्वद सेकंद

साडेआठला ९०४ सुरू केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ, एका डिस्कची वाट पाहत असलेली, आणि शेजारी मोजत जाणारे सेकंद. दीड मिनिट झालं आणि मशिन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागू लागलं. दादा मागे उभे होते. "म्हणजे बॅकअप खराब निघाला का गं?" त्यांनी विचारलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

बॅकअप खराब नव्हता. त्यात ड्रॉइंगची डिस्कच नव्हती. प्रत्येक डिस्कच्या सेटिंगमध्ये बॅकअपची एक टिक असते. गेल्या वर्षी बॅकअप सकाळपर्यंत लांबायला लागला, तेव्हा "ड्रॉइंग रोज बदलत नाहीत आणि वर रेप्लिका आहेच" असं म्हणून ती टिक काढली गेली होती. बॅकअपचं काम ती डिस्क वगळल्याची नोंद लॉगमध्ये करतं आणि हिरवी खूण देतं. मशिनच्या आत मात्र सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये ती डिस्क अजून नोंदलेली होती, आणि लिनक्स ती सापडल्याशिवाय पुढे जायला तयार नव्हतं.

एफएसटॅबमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाकून ती निष्क्रिय केली, रीबूट केलं, आणि मशिन उठलं. पोस्टग्रेसने आपला लेखाजोखा तपासला आणि रात्री एक वाजताच्या स्थितीत डेटाबेस उघडला. बॅकअपच्या वेळी गेस्ट एजंटने (मशिनच्या आत चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या मदतनीस प्रोग्रामने) फाइलसिस्टिम क्षणभर थांबवली होती आणि डेटाबेसचं सगळं एकाच डिस्कवर होतं, त्यामुळे तिथे काही अडलं नाही.

एक गोष्ट मी सुरू करण्याआधीच केली होती: ९०४ चं नेटवर्क तोडून ठेवलं होतं. त्याचा आयपी १०४ चाच, आणि आत ठरावीक वेळी ग्राहकांना ईमेल पाठवणारी, ई-वे बिलं करणारी कामं. ती कालच्या डेटावर पुन्हा चालली असती तर दुसऱ्या दिवशी आणखी वेगळा घोळ निस्तरावा लागला असता. कन्सोलवरून ती कामं बंद केली, आयपी बदलला, मगच नेटवर्क जोडलं.

पुढचं काम तुलनेने सरळ होतं. ९०४ मधून डिस्पॅचचे दोन तक्ते काढले, १०४ मध्ये वेगळ्या जागी भरले, जुळवून पाहिले आणि मूळ तक्त्यात घातले. राहिल्या त्या दिवसाच्या, रात्री एकनंतरच्या ४१ नोंदी. त्या कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हत्या. चलनाच्या पुस्तकातल्या गुलाबी कार्बन प्रती काकूंनी पट्टी ठेवून एकेक वाचल्या, पोराने भरल्या. एका प्रतीवर कार्बन सरकून वजनाचा आकडा पुसट झाला होता. काकूंनी दिव्यासमोर धरून तो वाचला, आणि तरीही खात्रीसाठी गोदामात फोन करून विचारलाच. अकरा वाजून दहा मिनिटांनी शेवटची नोंद पडली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत विवरणपत्र भरलं गेलं.

१०४ च्या डिस्कना हात लावलाच नव्हता, म्हणून रेप्लिकेशन पुन्हा चालू करताच ते मागच्या स्नॅपशॉटपासून पुढे निघालं. काही मिनिटांत दोन्हीकडच्या प्रती एकसारख्या झाल्या.

त्यानंतर

त्याच क्रमांकावर रिस्टोअर केलं असतं तर काय झालं असतं, हे मला प्रत्यक्ष पाहायचं होतं. पुढच्या शनिवारी एक छोटं चाचणीचं मशिन बनवलं, रेप्लिकेशन लावलं, बॅकअप घेतला आणि त्याच्यावरच रिस्टोअर केला. मशिन उठलं. रेप्लिकेशनची पुढची फेरी मात्र पडली: दोन्हीकडे समान असा स्नॅपशॉटच नाही. नवी डिस्क कोरी, तिच्यावर जुन्या फेरीची खूण नाही, आणि वर त्याच नावाची जुनी डिस्क बसलेली. फरक कशाच्या तुलनेत काढायचा, हेच तिला कळेना. वरची जुनी प्रत साफ करून काम नव्याने नोंदलं, तेव्हा सगळा डेटा पहिल्यापासून गेला. चाचणीचं मशिन १० जीबीचं होतं. १०४ च्या बाबतीत ६३५ जीबी जाईपर्यंत वर काहीच प्रत नसती, आणि बाहेर पावसाळा सुरू झालेला.

काही गोष्टी लगेच बदलल्या. वॉचमनच्या केबिनमागे एक छोटं मशिन बसवलंय, त्याचं काम फक्त तिसरं मत देण्याचं. ड्रॉइंगच्या डिस्कला बॅकअपची टिक परत लावली. बॅकअप आता पहाटे चारपर्यंत चालतो, चालू दे. पोस्टग्रेसचे व्यवहार-लॉग दिवसभर एनएएसवर जातात, आठवड्याला एक बेस बॅकअप असतो, त्यामुळे पुन्हा असं झालं तर क्वेरीच्या एक मिनिट आधीपर्यंत जाता येईल. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ९०४ उठवायचं, डिस्पॅचच्या नोंदी मोजायच्या, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. हे पोर करतं, सही काकू करतात. जुलैच्या चाचणीत तिन्ही डिस्कसह मशिन तासाभरात उठलं.

जागेचं मात्र अजून सुटलेलं नाही. थिन केल्यापासून खालच्या पूलचं भरण दर आठवड्याला बघावं लागतं. वाढीव डिस्कचं कोटेशन दादांच्या टेबलावर आहे.